दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचं वकीलपत्र

काळा_कोट

कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला या कोर्टांत फौजदारी कामं करतो. शिमगा, गणपती आणि ३१ डिसेंबर झाला की माझ्याकडे कलम १८५ च्या फायली येतात. त्याबरोबर "तुम्ही बेवड्यांना सोडवता म्हणे" हा टोमणाही येतो. म्हणून धागा काढतोय. आधीच सांगतो, नंबर मागू नका. वकिलाला जाहिरात करता येत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. श्वासाच्या मशीनवर किंवा लॅबमध्ये १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल दिसलं की गुन्हा. आधी पहिल्या खेपेचा दंड २,००० पर्यंत होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपये, किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर १५,००० रुपये, किंवा २ वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हेल्मेटची पावती जागेवर फाटते, तशी ही फाटत नाही. हा गुन्हा तडजोडीत बसत नाही, कोर्टात जावंच लागतं. जामीन मात्र मिळतो, ते हक्काचं आहे.

लोकांना वाटतं, वकील म्हणजे काहीतरी खुबी. खरं काम कागद वाचायचं असतं. मशीनची स्लिप आहे का, तिच्यावर वेळ आणि मशीनचा नंबर आहे का, मशीन शेवटचं कधी तपासलं त्याचा दाखला आहे का. अटक किती वाजता, डॉक्टरांसमोर किती वाजता उभं केलं. अटकेनंतर २ तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर माणसाला सोडावं लागतं, हे कलम २०२ मध्ये लिहिलंय. रक्त घेतलं असेल तर त्या बाटलीचा प्रवास. स्लिप थर्मल कागदावर असते, आपल्याकडच्या हवेत दोन पावसाळ्यांत कोरी होते. वेळेत झेरॉक्स काढून ठेवली नसेल तर सरकारी वकील कोर्टात पांढरा कागद दाखवत बसतात.

आणि कागद स्वच्छ असेल तर मी अशिलाला सरळ सांगतो, कबूल कर. बऱ्याचदा दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद एवढ्यावर मिटतं. पण "कबूल कर" म्हणण्याआधी एक गोष्ट विचारतोच: गल्फला जायचंय का? जहाजावर आहेस का? पोलीस भरतीचा फॉर्म भरलायस का? कारण ती शिक्षा असते, दोषसिद्धी असते. पोलीस क्लिअरन्स काढताना किंवा चारित्र्य पडताळणीत ती समोर येते. आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीतली अर्धी तरुण पोरं यातल्या कुठल्यातरी रांगेत उभी असतात. त्यांना बाकावर बसलेला कुणीतरी सांगतो, "हो साहेब, चूक झाली म्हण, संध्याकाळपर्यंत घरी." घरी जातो खरा. दोन वर्षांनी व्हिसाच्या वेळी परत माझ्याकडे येतो, तेव्हा माझ्या हातात फारसं काही नसतं.

विचारा काय ते.

डोंबिवली_कुडाळ

चांगला धागा. आमच्यासारख्यांचा प्रश्न: गावाला रात्री बसणं होतंच. झोपून सकाळी ६ ला गाडी काढली, कशेडीला अडवलं तर? झोप झालेली असते, डोकं ठिकाणावर असतं.

काळा_कोट

@डोंबिवली_कुडाळ डोकं ठिकाणावर आहे का हे मशीन विचारत नाही.

ढोबळ हिशोब देतो, कोर्टातला पुरावा म्हणून नव्हे. ६० मिलिलिटरचा एक लार्ज पेग म्हणजे साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याने ४० मिलिग्रॅमच्या आसपास आकडा जाऊ शकतो. म्हणजे रिकाम्या पोटी एका पेगातच रेषा ओलांडली. क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर, तर १२० च्या पुढे. ६५० मिलिलिटरची स्ट्राँग बिअर ८० च्या घरात. शरीर तासाला साधारण १५ उतरवतं, त्याला घाई करता येत नाही. मध्यरात्री क्वार्टर संपवलीत तर पहाटे ५ ला अजून ५० च्या आसपास असू शकता. बायका, बारीक अंगाची माणसं, लिव्हरचा त्रास असलेले, यांचा आकडा आणखी वर.

झोप, काळी कॉफी, आंघोळ, लिंबूपाणी यांनी तरतरी येते, आकडा हलत नाही. सकाळी ६ ची गाडी असेल तर रात्रीची बैठक दुपारी उरका, नाहीतर गाडी ११ ला काढा.

खेकडा

आणि सोलकढी? 😄

काळा_कोट

@खेकडा पोटाला बरी.

भरतीओहोटी

वकीलसाहेब, माझ्या भाच्याक कुडाळच्या हायवेर धरल्यानी. हळदीचा जेवाण आटपून येय होतो. मशीनीर ६४ इला म्हणतत. गाडी पोलीस ठाण्यात, लायसन काढून घेतल्यानी. गजालीत जो तो सांगता, लवंग चाव, पेरूचो पालो चाव, वास जाता. तेना लवंग खाल्ल्यान पण काय उपयोग झालो नाय. आता गाडी कशी सुटतली आणि कोर्टात किती खेपे घालूचे लागतले ता सांगा.

काळा_कोट

@भरतीओहोटी लवंगेने तोंडाचा वास बदलतो. मशीन फुप्फुसातून आलेली हवा मोजतं. उलट फुंकायच्या जरा आधी घोट घेतला असेल, किंवा अल्कोहोलवालं माउथवॉश किंवा खोकल्याचं औषध घेतलं असेल तर तोंडातल्या उरलेल्या अल्कोहोलनेच आकडा फुगतो. म्हणून गुळणी करायला लावून १५ मिनिटं थांबून चाचणी घ्यायला हवी. भाच्याला आठवतंय का, लगेच फुंकायला लावलं की थांबवलं? हे आत्ताच वहीत लिहून ठेवायला सांगा. आठवण महिन्याभरात पातळ होते.

गाडी: आरसी, विमा, मालकाचं ओळखपत्र घेऊन आधी ठाण्यात विचारा. तिथे सोडत नसतील तर कोर्टात अर्ज द्यायचा, सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन, मिळते. मालक भाचा नसेल तर मालकानेच अर्ज करायचा. लायसन्स आरटीओकडे जातं. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना सांगितलंय की दारूच्या गुन्ह्यात लायसन्स किमान ३ महिने निलंबित करा. त्या काळात त्याने गाडी चालवली तर तो निराळा गुन्हा, तेवढं मात्र त्याला बजावून सांगा.

खेपा किती ते कबूल करतो की लढतो यावर. पहिल्या तारखेला जाऊ द्या, कागदाच्या प्रती मागू द्या. कबुली देण्याची घाई नको. ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला, बाईला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

रात्रपाळी

मी सरकारी रुग्णालयात डॉक्टर होतो, आता खाजगी आहे. पलीकडची बाजू लिहितो, कारण या केसेसमध्ये उलटतपासणीत आम्हीच उभे असतो.

रात्री दीडला पोलीस दोघांना घेऊन येतात. वॉर्डात त्याच वेळी एक सर्पदंश, एक बाळंतीण. आणि मला त्या माणसाची चाल, बोलणं, बुबुळं, वास, सगळं बघून लिहायचं असतं. लिहितो आम्ही, पण घाईत "स्मेल प्रेझेंट, गेट अनस्टेडी" एवढंच. एकदा पोलिसांनी "टाइट आहे" म्हणून आणलेल्या काकांची साखर तपासली तर पार खाली गेलेली. इन्सुलिन घेऊन जेवले नव्हते. बोबडं बोलणं, घाम, झोकांडी, सगळं दारूसारखंच दिसतं. दारू एक थेंब नव्हती. ग्लुकोज चढवलं आणि वीस मिनिटांत मला माझं आडनाव विचारून गावातले आमचे पाहुणे कोण ते सांगायला लागले.

रक्त घेताना सुईच्या जागी स्पिरिटचा बोळा लावायचा नाही. नव्या स्टाफला हे दर वेळी ओरडून सांगावं लागतं, कारण हात सवयीने बोळ्याकडेच जातो. बाटलीत सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट लागतं. फ्लोराइड नसेल तर उकाड्यात नमुना आंबतो आणि बाटलीतच अल्कोहोल तयार होऊ शकतं. मे महिन्यात लाइट गेलेली असताना फ्रिजचं काय होतं ते मी इथे लिहीत नाही.

मग तीन वर्षांनी समन्स येतं. तोवर बदली झालेली असते. तेव्हाच्या माणसाचा चेहरासुद्धा आठवत नाही, समोर फक्त आपलं अक्षर.

काळा_कोट

@रात्रपाळी हे लिहिल्याबद्दल आभार. माझं निम्मं काम तुम्ही सांगितलंत.

महाराष्ट्रात रक्त घेण्याचे नियम फार जुने आहेत, दारूबंदी कायद्याखालचे १९५९ चे वैद्यकीय तपासणी आणि रक्तचाचणी नियम. त्यात बोळ्याचं आहे, बाटलीतल्या द्रव्यांचं आहे, सीलचं आहे, आणि नमुना ७ दिवसांत तपासणाऱ्याकडे पोचला पाहिजे हेही आहे. आता नमुना रुग्णालयातून निघाला सोमवारी, लॅबच्या शिक्क्यावर तारीख दुसऱ्या आठवड्यातली. मधले दिवस बाटली कुठे? ठाण्याच्या मुद्देमाल रजिस्टरात नोंद नाही, नेणाऱ्या शिपायाचा जबाब नाही. इथे मी उभा राहून विचारतो, एवढंच. १९६३ साली उखा कोल्हे या धुळ्याकडच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यावरच बोट ठेवलं होतं. बाटली मधल्या काळात कुणाच्या ताब्यात आणि कशा अवस्थेत होती याचा पुरावाच आलेला नव्हता. साठ वर्षं होऊन गेली, रजिस्टरात त्याच रकान्यात अजून रिकामी जागा सापडते.

वास आणि चालीबद्दल १९७१ चा बच्चूभाई करयानी खटला आहे. तोंडाला वास, झोकांडी, मोठी झालेली बुबुळं, असंबद्ध बोलणं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, यावरून दारूचा अंदाज बांधता येतो, पण रक्त-लघवीची तपासणी नाही तर हे निर्णायक नाही. तुमचे इन्सुलिनवाले काका डोळ्यांसमोर आणा, मग तो निकाल बेवड्यांच्या सोयीचा वाटणार नाही.

एक राहिलं. "फुंकणारच नाही" ही हुशारी करू नका. नकार दिला तर रक्त घ्यायला नेऊ शकतात, आणि कलम २०५ प्रमाणे तो नकारच तुमच्याविरुद्ध पुराव्याला जोड म्हणून वापरता येतो.

रातांबा

वाचतेय सकाळपासून. सगळे रजिस्टर आणि बोळ्यांवर बोलताय.

माझा भाऊ हायवेवर गेला. रस्त्याच्या कडेने मासळीचं भांडं घेऊन स्कूटरवरून येत होता. समोरच्या गाडीतल्या माणसाला उतरवून उभं करायला दोघे लागले, हे बघणारे गावचे लोक आहेत. त्याचाही वकील आहे. तोही बाटलीचा प्रवासच विचारत असणार. तुम्हाला घरी जाऊन जेवण जातं का, एवढंच विचारायचं होतं.

डोंबिवली_कुडाळ

ताई, फार वाईट झालं.

मलाही वाटतं, वकिलांनी मिळून ठरवावं की असल्या केसेस घ्यायच्याच नाहीत.

काळा_कोट

@रातांबा ताई, जेवण जातं. ज्या दिवशी मृताचे घरचे मागच्या बाकावर असतात त्या दिवशी कमी जातं. खोटं लिहीत नाही.

@डोंबिवली_कुडाळ असे ठराव वकील संघटना करतात अधूनमधून. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलेत. आणि ठराव पाळला तरी नुकसान फिर्यादी बाजूचंच. वकिलाविना झालेली शिक्षा अपिलात टिकत नाही, मग फेरसुनावणी, परत तेच साक्षीदार, परत तीन वर्षं.

ताई, माणूस मेला की फाईल १८५ ची राहत नाही. बाटलीत गोंधळ झाला तरी खटला पडत नाही, कारण गाडी कशी चालवली हे रस्ता, टायरच्या खुणा, बघणारे लोक सांगतात. १ जुलै २०२४ नंतरचा अपघात असेल तर भारतीय न्याय संहिता लागते. कलम १०६ म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, ५ वर्षांपर्यंत. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ ला २ च होती. आणि आपल्या वागण्याने कुणी मरू शकतं याची जाणीव असून चालवली असं दाखवता आलं तर कलम १०५, सदोष मनुष्यवध, १० वर्षांपर्यंत. वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे फुटपाथवर झोपलेले ७ मजूर गेले, त्या ॲलिस्टर परेरा खटल्यात सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा धरून ६ महिने दिले होते. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून ३ वर्षं केली, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तिथे दारूचा आकडा कामी आला तो जाणीव दाखवायला.

म्हणून दोषारोपपत्राची प्रत मिळवा आणि कोणतं कलम लावलंय ते बघा. १०६ वरच थांबले असतील तर सरकारी वकिलांना भेटा. पीडिताच्या घरच्यांना स्वतःचा वकील त्यांच्या मदतीला देता येतो, कायद्यात तरतूद आहे. आरोपी सुटला किंवा कमी कलमात शिक्षा झाली तर तुम्हाला स्वतः अपील करता येतं. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तरी मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसतंय, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी त्याच्याकडे आहेत.

तुमच्या समोरचा वकील बाटलीबद्दल विचारणारच. विचारू दे. तपास अंमलदाराने रजिस्टर नीट भरलं असेल तर तो प्रश्न त्याच्याच अशिलावर उलटतो. मला भीती माझ्यासारख्यांची वाटत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरचा अपघात झाला, त्यात रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप आहे आणि डॉक्टरांना अटक झाली. तो खटला अजून चालू आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. पण बाटलीचा प्रवास विचारायचा हक्क फक्त आरोपीला असतो असं समजू नका. तुम्हीही विचारा.

सर्व्हेयर_रत्नांग्री

विम्याचं लिहितो, याबद्दल फार गैरसमज आहेत. @रातांबा तुमचा नुकसानभरपाईचा दावा फौजदारी खटल्यावर अडून नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण वेगळं. खटला संपायची वाट बघत थांबू नका, कायद्यात आता दाव्याला अपघातापासून ६ महिन्यांची मुदत लिहिली आहे. उशीर झाला असेल तरी वकिलाला विचारल्याशिवाय सोडून देऊ नका, त्या मुदतीवर वाद चालू आहेत.

गाडीवाल्यांसाठी: दारू पिऊन ठोकलीत तर स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम विसरा. पॉलिसीतच वगळलेलं असतं. "रक्त तपासलंच नाही, मग सिद्ध कसं करणार?" असं मला बरेच जण ऐकवतात. २००७ मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ एक पोर्शे ठोकली होती, तिचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२१ चा निकाल आहे: चाचणी नसली तरी विमा कंपनी परिस्थितीवरून दारू सिद्ध करू शकते. तिथे क्लेम गेला. म्हणजे फौजदारीत संशयाचा फायदा मिळून सुटलात तरी दुरुस्तीचं बिल तुमच्याच गळ्यात पडू शकतं. इथे बसून सुटकेचा आनंद करणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

इन्सुली_नाका

गोव्याहून बांद्यामार्गे परतताना डिकीत दोन बाटल्या असल्या तर? बारवाला ५ रुपयांचा एक दिवसाचा परवाना देतो तो चालतो का?

काळा_कोट

@इन्सुली_नाका दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. तो परवाना पिण्याचा आहे, गाडी चालवण्याचा नाही, आणि गोव्याची दारू आणण्याचा तर मुळीच नाही. "फक्त गोव्यात विक्रीसाठी" छापलेली बाटली इकडे आणलीत तर महाराष्ट्र दारूबंदी कायदा, राज्य उत्पादन शुल्क, गाडी जप्त. १८५ पेक्षा ते प्रकरण कितीतरी जड आहे. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे गल्लत होईल.

खेकडा

आणि होडी? माडी मारून होडी चालवली तर?

काळा_कोट

@खेकडा होडी मोटार वाहन कायद्यात येत नाही. बंदरवाल्यांचे नियम वेगळे. पण किनाऱ्यावर वाळूत थार घालून फिरवणारे येतात. १८५ मध्ये "चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना" एवढंच आहे, डांबरी रस्ता लागत नाही. तारकर्लीला पर्यटक हा मुद्दा काढून भांडतात, पोलीस हसतात.

रातांबा

वकीलसाहेब, दोषारोपपत्र बघितलं. १०६ आणि १८५ आहे. १०५ नाही. गावच्या दोघांचे जबाब आहेत, पण ते दारूबद्दल काहीच बोललेले नाहीत, फक्त धडक कशी झाली तेवढं. लॅबचा अहवाल "प्रलंबित" लिहिलाय.

काळा_कोट

@रातांबा या दोन गोष्टी घेऊन या आठवड्यातच सरकारी वकिलांकडे जा. एक, त्या दोघांचा पुरवणी जबाब घ्यायला तपास अंमलदाराला सांगता येईल का. उतरवायला दोघे लागले हे कागदावर आलंच पाहिजे, नाहीतर कोर्टात प्रथमच सांगितलं की समोरचा वकील म्हणणार, "हे पोलिसांना का सांगितलं नाहीत?" मीही हेच म्हणालो असतो. दोन, नमुना लॅबला कधी पोचला त्याची पोच. ती तारीख तुमच्याकडे आली की इथे न लिहिता मला व्यक्तिगत निरोप करा. मी तुमची केस घेऊ शकत नाही, त्याच कोर्टात माझ्या याच प्रकारच्या आरोपींच्या फायली आहेत. पण ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, कुणाकडे जायचं ते सांगतो.

भरतीओहोटी

गाडी सुटली. भाच्याची तारीख पुढच्या महिन्यात पडली. स्लिपेची झेरॉक्स मागलंव, हवालदार म्हणता कोर्टातून घ्या, कोर्टातलो शिपाय म्हणता साहेब रजेर. लगेच फुंकूक लावल्यानी काय, ता वहीत लिवन ठेवलंव. पोरगो जहाजार जावचो हा, तेवां कबूल करूचा की नाय ता तेच्या बापाशीक अजून ठरवूक जमणा नाय. मधल्या काळात सायकल घेतल्यान हा.